ट्रेसर आत्यांच्या रेषा: नौपाड्यातलं एक प्रकरण

ठाण्याच्या नौपाड्यातली एक तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली. घरं रिकामी करायची तारीख ठरली, भाड्याच्या जागा शोधणं सुरू झालं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचा पोटमाळा उतरवताना पत्र्याच्या दोन लांब नळ्या, प्लायवुडची एक सपाट पेटी आणि जुन्या नऊवारीत बांधलेला कागदांचा गठ्ठा निघाला. हे 'आत्याचे कागद' आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माळ्यावर जागा होती तोवर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आता भाड्याचं घर वन बीएचके, रद्दीवाला जिन्यात, आणि आत्या म्हणत होत्या, "तुम्हाला सोयीचं पडेल ते करा."

त्यांची भाची माझी जुनी विद्यार्थिनी. मी ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. "सर, टाकण्याआधी एकदा बघून जाल का?" असा तिचा फोन आला आणि मी गेलो. ते प्रकरण अजून संपलेलं नाही. तरीही आत्ताच लिहून काढतो आहे, कारण ठाणे, मुलुंड, डोंबिवलीतल्या जुन्या इमारती एकापाठोपाठ एक पडताहेत आणि माळे घाईघाईत रिकामे होताहेत. आत्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं, त्यांच्या कंपनीचं आणि इमारतीचं नाव इथे येणार नाही. इमारतीत त्यांना लहानथोर सगळे आत्याच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

ट्रेसरचं टेबल

आत्यांचा जन्म १९४६ चा. १९६७ साली वागळे इस्टेटमधल्या यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉईंग ऑफिसात त्या ट्रेसर म्हणून लागल्या. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. पाच वर्षांत तिथे इतके कारखाने आले होते की रेषा सरळ ओढणाऱ्या हाताला काम मिळायला वेळ लागत नव्हता.

ट्रेसरचं काम आता कुणाला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून ते नीट सांगतो. त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने मूळ आराखडा काढायचा. त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून, चारी कोपरे चिकटपट्टीने बसवून ट्रेसरने तो शाईने गिरवायचा. रेषांचे नियम ठरलेले. दिसणाऱ्या कडेला जाड सलग रेषा, मापांना बारीक सलग रेषा, मागे लपलेल्या कडेला तुटक रेषा, मध्याला लांब-आखूड अशी साखळी रेषा. आय. एस. ६९६ या भारतीय मानकात हे सगळं लिहिलेलं होतं आणि ड्रॉईंग ऑफिसात ते तोंडपाठ असायचं. रेषा पुढे गेली किंवा शाईचा थेंब पडला, तर अर्ध्या ब्लेडने कागद न फाडता शाई खरवडायची, तो भाग नखाने घोटून गुळगुळीत करायचा आणि मग पुन्हा रेषा. आत्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख अजूनही एका बाजूने सपाट आहे.

ट्रेसिंग तयार झालं की त्याचे अमोनिया प्रिंट निघायचे. पिवळसर लेप दिलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवून ते अतिनील प्रकाशाखालून फिरवायचं. प्रकाश पोचतो तिथला लेप मरतो, रेषेखाली झाकलेला लेप वाचतो आणि अमोनियाच्या वाफेत निळा होतो. त्या वाफेने डोळे चुरचुरायचे, पदराला वास लागायचा आणि तो घरापर्यंत यायचा. चुकलेले, फिके आलेले, रद्द झालेले प्रिंट कोपऱ्यात साठायचे. साहेबांना विचारून आत्या त्यातले काही घरी आणत. मागची बाजू कोरी असायची.

प्रत्येक आराखड्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक. त्यात चार ओळी: काढलं, गिरवलं, तपासलं, मंजूर. 'गिरवलं' या ओळीपुढे आत्यांची आद्याक्षरं तीसएक वर्षं पडत राहिली. १९९८ मध्ये उरलंसुरलं कामही संगणकावर गेलं आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

कागदांवर काय आहे

पेटीत सर्वांत वर होता तो संच आधी सांगतो. आत्या त्याला 'सकाळ' म्हणतात. चार ट्रेसिंग, एकावर एक ठेवायची. तळाच्या कागदावर स्वयंपाकघराचा प्लॅन: ओटा, मोरी, पाण्याचं पिंप, देव्हारा, खिडकी, दार, सगळं मोजून एकास दहा मापात. वरच्या तीन कागदांवर घर नाहीच, फक्त हालचाल आहे. एकावर आईची, एकावर वहिनींची, एकावर आत्यांची स्वतःची. पहाटे साडेपाचपासून कामावर निघेपर्यंत कोण कुठून कुठे गेलं, त्याची रेषा. जिथे थांबावं लागलं तिथे समकेंद्री वर्तुळं, जितका वेळ तितकी जास्त. दुधापाशी सात-आठ, देव्हाऱ्यापाशी आईच्या कागदावर बारा, आत्यांच्या कागदावर दोन. ओटा आणि मोरी यांच्यामध्ये रेषा इतक्या दाट झाल्या आहेत की शाईचा थर बोटाला जाणवतो.

चारही कागद खालून उजेड देऊन पाहिले की तिघींच्या वाटा एकमेकींत शिरतात. कोण कुणासाठी बाजूला झाली, कोण कधीच बाजूला झाली नाही, हे दिसतं. एकेक कागद सुटा पाहिला तर त्यातलं काहीच दिसत नाही.

असे 'सकाळ'चे संच अनेक वर्षांचे आहेत. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या त्या महिन्यात वहिनींची रेषा तुटक आहे. १९८१ नंतरच्या सगळ्या संचांत आईची रेषा तुटक आहे. त्या वर्षी आई गेल्या. मी विचारलं, "तुटक म्हणजे आठवण का?"

"आठवण कसली, सर?" आत्या म्हणाल्या. "लपलेली कड. समोरून दिसत नाही, पण आहे. ती काढली नाही तर पार्ट चुकीचा बनतो."

चित्रकलेत इतकी वर्षं घालवून मी रेषेविषयी इतकं नेमकं बोलणं क्वचित ऐकलं आहे.

दुसरी मालिका 'भरती'. वर्तमानपत्रात रोज भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या. आत्या त्या लिहून ठेवत आणि पावसाळ्याच्या महिन्यांत एकेका ट्रेसिंगवर मांडत. आडवे दिवस, उभे तास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून ठिपके जोडले की तिरक्या रेषा उतरत जातात, दिवसातून दोन भरत्या म्हणून दोन रेषा, आणि चंद्राच्या फेऱ्याबरोबर त्या पुन्हा वरून सुरू होतात. त्यावर दुसऱ्या कागदावर पाऊस, तिसऱ्यावर इमारतीच्या तळमजल्याच्या पायऱ्या. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की पाणी कितव्या पायरीला लागलं, हे तिथे जाड रेषेत आहे. खाडीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचं ते पावसाळ्याचं चित्र आहे. त्यात ढग नाही, छत्री नाही.

ही मांडणी सुचली कुठून, तर शेजारच्या काकांवरून. ते रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. तिथल्या कंट्रोल चार्टवर एका बाजूला स्थानकं, दुसऱ्या बाजूला वेळ आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. जलद गाडीची रेषा उभट, मालगाडीची पसरट, जिथे दोन रेषा छेदतात तिथे गाड्या एकमेकींना भेटतात. काकांनी एकदा जुना चार्ट घरी दाखवला होता. आत्या म्हणतात, तो पाहिल्यावर रात्रभर झोप आली नाही.

बाकी कागदांत रॉकेलच्या रांगा आहेत, गॅलरीतलं ऊन आहे, एका लग्नाच्या पंगतीचा प्लॅन आहे. ते कमी-अधिक आहेत. पंगत तर मला फसलेली वाटते, तिथे नियम आहे पण माणसं नाहीत.

नाकारलं कसं गेलं

आत्यांनी हे लपवून ठेवलं होतं असं नाही. १९७९ साली एका संस्थेच्या हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी त्यांनी 'सकाळ'चा एक संच दिला. तो परत आला, सोबत चिठ्ठी: तांत्रिक रेखाटनं स्वीकारली जात नाहीत. चिठ्ठी पेटीत आहे. काही वर्षांनी एका जाणत्या कलाशिक्षकांना त्यांनी चार कागद दाखवले. त्यांनी हाताची सफाई मनापासून वाखाणली आणि सल्ला दिला की इतका हात चांगला आहे, तर तलावपाळीचं निसर्गचित्र करा, नाहीतर वारली करा, सध्या त्याला मागणी आहे.

त्या सल्ल्यात दुष्टपणा नव्हता. तो माणूस त्याच्या शिकवणीशी प्रामाणिक होता. आमच्या शिक्षणात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, निसर्गचित्र असे कप्पे असतात आणि आत्यांचा कागद कुठल्याच कप्प्यात बसत नव्हता. पण वारलीचं नाव त्या वेळी तिथे निघावं, याचा मी फार विचार केला. डहाणूकडचा तो सगळा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले, तिथल्या भिंतींवरची चित्रं त्यांनी नीट पाहिली, कागद दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांचं काम बाहेर आलं. म्हशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. वारली चित्रातही वरून पाहिलेलं आणि समोरून पाहिलेलं एकाच वेळी येतं, कामं चालू असतात, माणसं फिरत असतात. त्याच जिल्ह्यात, त्याच दशकात, वागळे इस्टेटच्या ड्रॉईंग ऑफिसात कुणी बघायला गेलं नाही. कारखान्यात चित्र असू शकतं हे कुणाच्या मनात आलं नाही.

आत्यांनी त्यानंतर दाखवणं बंद केलं. काढणं मात्र निवृत्तीपर्यंत चालू राहिलं.

काळाच्या पुढे?

कागद पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाने म्हटलं, "बाई काळाच्या किती पुढे होत्या!" भाचीही म्हणाली. मला हे वाक्य पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगणं हाच या लेखनाचा मुख्य हेतू आहे.

आत्यांच्या हातात जे होतं ते सगळं त्यांच्या काळातलं होतं. ट्रेसिंग पेपर, ०.२ आणि ०.५ मिलिमीटर रेषेची पेनं, अमोनिया प्रिंटची मागची बाजू, रेषांचं मानक, रेल्वेचा चार्ट, पेपरातल्या भरतीच्या वेळा, बाईमाणसाची सकाळ. उद्याचं त्यात काहीही नव्हतं. १९७५ सालच्या ठाण्याचं याहून अस्सल चित्र मला माहीत नाही. तलावपाळीची जी निसर्गचित्रं तेव्हा बक्षिसं घेत होती, ती खरं तर शंभर वर्षांपूर्वीच्या विलायती नजरेने काढलेली होती. मागे कोण होतं आणि बरोबरीने कोण चालत होतं, हे त्यातून ठरवावं. 'काळाच्या पुढे' म्हटलं की दोष काळावर जातो, आणि ज्यांनी बघायला हवं होतं ती माणसं सुटतात.

चित्रकार नसरीन मोहमदी यांचं नाव इथे घ्यायला हवं. जन्म १९३७ चा, कराचीतला. मुंबईत वाढल्या, लंडनला शिकल्या, १९७२ पासून बडोद्याच्या कला विद्याशाखेत शिकवत होत्या. शाई, पेन्सिल आणि ड्राफ्टिंगची उपकरणं घेऊन त्यांनी कागदावर रेषांची जी चित्रं काढली, त्यांना बहुतेकदा नावही नाही, तारीखही नाही. आजूबाजूला मानवाकृतींच्या, गोष्ट सांगणाऱ्या चित्रांचा बोलबाला होता. १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला त्या गेल्या तेव्हा त्यांना ओळखणारा वर्ग लहान होता. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं पूर्वलक्षी प्रदर्शन होतं.

आत्यांनी हे नाव ऐकलं नव्हतं. मी छापील चित्रं दाखवली. त्यांनी भिंग मागितलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हात पक्का आहे. पण यांना माप नकोय. मला माप हवंच असतं." दोघींमधला फरक त्यांनी एका वाक्यात सांगितला. नसरीन रेषेतून वस्तू काढून टाकत गेल्या, आत्या रेषेने वस्तूला धरून राहिल्या. म्हणून मी आत्यांना 'ठाण्याच्या नसरीन' म्हणू देत नाही. भाचीला हे शीर्षक फार आवडलं होतं.

तारखा आणि कागदाची तब्येत

कुणाही अनोळखी कलाकाराच्या कामात पहिला प्रश्न येतो तो क्रमाचा. स्वीडनच्या चित्रकार हिल्मा आफ क्लिंट १९४४ मध्ये गेल्या. आपलं काम मृत्यूनंतर वीस वर्षं दाखवू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. सगळं भाच्याकडे माळ्यावर गेलं. ते पहिल्यांदा मोठ्या प्रदर्शनात दिसलं १९८६ मध्ये, लॉस एंजेलिसला, आणि २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ते पाहायला सहा लाखांहून अधिक लोक आले. १९०६ सालीच त्यांनी अमूर्त चित्रं काढली होती हे आज ठामपणे सांगता येतं, कारण त्यांनी स्वतः वह्यांमध्ये क्रमांक, मालिका, वर्षं लिहून ठेवली होती. वह्या नसत्या तर ते नुसते सुंदर, बेवारस कॅनव्हास राहिले असते.

आत्यांच्या ट्रेसिंगवर तारखा नाहीत. पण कच्ची रेखाटनं अमोनिया प्रिंटच्या पाठीवर आहेत आणि पुढच्या बाजूला टायटल ब्लॉक आहे. त्यात आराखड्याची तारीख असते. त्या तारखेआधी आत्यांनी पाठीवर काढलेलं असणं शक्य नाही. पहिल्या 'सकाळ'ची कच्ची आखणी एका गिअरबॉक्सच्या आराखड्यामागे आहे, तारीख १९७४ ची. वरची मर्यादा, म्हणजे उशिरात उशिरा कधी काढलं असेल, ती इतर गोष्टींवरून लागते: घरात गॅस कधी आला, पिंप जाऊन नळ कधी बसला, भाची कधी रांगायला लागली. प्लॅनमध्ये हे सगळं मापासकट आहे. भाचीने आणि तिच्या आईने मिळून रेशनकार्ड, बिलं, फोटो काढले आणि संच ओळीने लावले. एखाद्या संग्रहालयातही याहून चोख काम झालं नसतं.

आता कागदाची तब्येत, कारण अशा वेळी बहुतेक नुकसान प्रेमापोटीच होतं. ट्रेसिंग पेपर जुना झाला की पिवळा आणि कडकडीत होतो. हवेतली ओल तो झटकन घेतो आणि त्याला लाटा येतात. शाई पृष्ठभागावरच बसलेली असते, घट्ट गुंडाळी केली की तिचे पापुद्रे निघतात. अमोनिया प्रिंट उजेडात फिके पडतात आणि त्यांच्यातली रसायनं शेजारच्या कागदालाही डागाळतात, म्हणून ते वेगळे ठेवावे लागतात. इमारतीतल्या एका सद्गृहस्थांनी सगळं लॅमिनेट करून द्यायची तयारी दाखवली होती. लॅमिनेशन म्हणजे कागदाचा शेवट, ते पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेप तेवढीच घातक. मोठ्या झेरॉक्सवाल्यांकडचा रुंद स्कॅनरही नको, त्यात कागद रुळांमधून ओढला जातो आणि कडकडीत ट्रेसिंग चिरतं. आम्ही पावसाळा संपेपर्यंत नळ्या उघडल्याच नाहीत. नंतर एकेक कागद काचेवर ठेवून, खालून उजेड देऊन, वरून फोटो काढले: आधी सुटा कागद, मग दोन एकत्र, मग तीन, मग चार. ज्या कागदांना घड्या पडल्या आहेत ते सपाट करण्याचं काम घरी करण्याजोगं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, असं काम जाणकार हातांकडेच जायला हवं. तोवर ते आम्लरहित कागदात, रुंद नळीवर बाहेरून सैल गुंडाळून ठेवले आहेत.

घेणारे आणि बघणारे

फोटो थोडे फिरले आणि मुंबईच्या एका गॅलरीचे गृहस्थ आले. जाणकार, सौजन्यशील माणूस. त्यांनी दिलेली रक्कम कुटुंबासाठी मोठी होती, भाड्याच्या घराची दोन वर्षं सहज निघाली असती. पण त्यांना संच नको होते. त्यांना हव्या होत्या निवडक सुट्या शीट, विशेषतः वर्तुळांच्या, पांढऱ्या माउंटवर, चौकटीत. "एकटी शीट जास्त शुद्ध दिसते," असं त्यांचं म्हणणं. खरंच दिसते. ती मग एक छान अमूर्त चित्र होते, आणि वहिनींची सकाळ आईच्या सकाळीपासून कायमची तुटते.

भाची अडचणीत सापडली. पैसे हवे होते. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हे आत्यांचं काम आहे आणि निर्णय आत्यांचा आहे, 'सोयीचं पडेल ते करा' हा निर्णय धरता येणार नाही. दुसरी, कायद्याची. कॉपीराइट कायदा १९५७ चा. नोकरीचा भाग म्हणून गिरवलेले आराखडे कंपनीचे, पण घरी स्वतःसाठी काढलेलं आत्यांचं, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं वारसांचं. मूळ कागद विकला तरी कॉपीराइट लेखी दिल्याशिवाय जात नाही. आणि कलम ५७ नुसार कामाची मोडतोड होत असेल तर कलाकार हरकत घेऊ शकतो, हक्क विकल्यावरही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने उतरवून गोदामात टाकलं. ते लढत राहिले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पाच लाखांची भरपाई दिली, उरलेलं शिल्प परत करायला लावलं. संच फोडणं ही मोडतोड आहे, असं मांडता येतं.

आत्यांना हे सगळं सविस्तर वाचून दाखवल्यावर त्या पहिल्यांदा स्पष्ट बोलल्या. "असेंब्ली ड्रॉईंगमधला एक पार्ट काढून विकायचा म्हणजे काय? घेणाऱ्याला तो कशाला बसतो तेच कळणार नाही. नको."

मग सामान हलल्यावर, घर पाडायला देण्याआधीच्या रविवारी, रिकाम्या घरातच कागद मांडायचे ठरले. ओट्यावर काच, खाली ट्यूबलाइट, त्यावर 'सकाळ'. बाहेरच्या खोलीत 'भरती'. जाहिरात नाही. इमारतीतले लोक, आत्यांच्या ऑफिसातले जुने सहकारी, माझे काही विद्यार्थी.

मला सर्वांत जास्त शिकवलं त्या दिवसाने. चित्रकलेचे विद्यार्थी आले, त्यांना सुंदर वाटलं, त्यांनी कोणाकोणासारखं आहे ते सांगितलं. मग ऐंशीच्या घरातले एक निवृत्त ड्राफ्ट्समन काठी टेकत आले. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. काचेवर वाकले, बोट रेषेवरून हवेतच फिरवत गेले आणि म्हणाले, "हिडन लाइन या संचापासून पुढे आहे. घरातलं कोण गेलं?" पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांना रेषांचं मानक माहीत नव्हतं. पण ओटा आणि मोरी ओळखल्याबरोबर त्या म्हणाल्या, "ही सून दिसतेय. बघा ना, देवापाशी एकदाही थांबलेली नाही, वेळच मिळालेला नाही." ती वहिनींचीच शीट होती. वहिनी शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने त्यांनी भाचीला जवळ ओढून आपली रेषा सुरुवातीपासून समजावून सांगितली: इथे तू रडलीस, इथे मी परत आले.

त्या कागदांचे वाचक पहिल्या दिवसापासून होते. एक गट वागळे इस्टेटमध्ये रोज टिफिन घेऊन जात होता, दुसरा शेजारच्या स्वयंपाकघरांत होता. १९७९ च्या निवड समितीत दोन्हींपैकी कुणी असतं, तर चिठ्ठी वेगळी आली असती असं मला ठामपणे वाटतं.

'भरती'पाशी गर्दी कमी होती. तळमजल्यावरची मंडळी मात्र तिथून हलत नव्हती. कुठल्या वर्षी कोणाचं कपाट भिजलं, यावरून वाद झाला आणि आत्यांनी पायरीच्या रेषेवर बोट ठेवून तो मिटवला.

अटी

गॅलरीचे गृहस्थही त्या रविवारी आले होते आणि बराच वेळ थांबले. त्यांनी पुन्हा बोलणी सुरू केली, या वेळी संचांसह. भाचीने आणि मी आत्यांसोबत बसून अटी लिहिल्या. संच फुटणार नाही. दाखवताना खालून उजेड असेल आणि कागद ठरलेल्या क्रमानेच ठेवले जातील, तेही मर्यादित काळच, कारण सततचा उजेड कागदाला मारतो. कॉपीराइट आत्यांकडे राहील. पाठीवरचे कंपनीचे आराखडे छापले जाणार नाहीत. 'सकाळ'चा १९८१ चा संच विकायचा नाही, तो घरात राहील. हे सगळं त्यांनी मान्य केलं.

अडलं आहे ते एका अटीवर, जी आत्यांनी स्वतः घातली. प्रत्येक संचाशेजारी रेषांचा खुलासा लागलाच पाहिजे: सलग म्हणजे काय, तुटक म्हणजे काय, वर्तुळ म्हणजे किती वेळ. गॅलरीचं म्हणणं, कलाकृतीने स्वतः बोलावं, भिंतीवर कोष्टक लावलं की चित्राचं गूढ जातं आणि पुन्हा कुणीतरी त्याला तांत्रिक रेखाटन म्हणेल. त्यांची भीती मला समजते. पण मी आत्यांच्या बाजूने आहे. ड्रॉईंग ऑफिसातून एकही कागद खुलाशाशिवाय शॉप फ्लोअरवर जात नसे, कारण तो वाचून कुणाला तरी काहीतरी घडवायचं असे. आत्यांनी आपले कागद त्याच इमानाने काढले आहेत. त्यांना गूढ व्हायचं नाही, वाचलं जायचं आहे.

खुलाशाची शीट आत्यांनी तयार केली आहे, ए-फोरवर, स्टेन्सिलच्या अक्षरांत. खाली टायटल ब्लॉक आहे. 'गिरवलं' पुढे पूर्वीचीच आद्याक्षरं, आणि या वेळी 'काढलं' पुढेही तीच. ती तशीच्या तशी लावायची तयारी असेल तर कराराचा कागद भाचीकडे सहीसाठी तयार आहे.